धूर नसलेले निखारे

"मॅडम, हा कार्बन मोनॉक्साइड एवढा चिकट का असतो?" मागच्या बाकावरून बोरस्तेनं विचारलं आणि वर्ग हसला.

मी फळ्यावर त्याचीच आकृती काढत होते. डावीकडे कार्बनच्या कक्षा, उजवीकडे ऑक्सिजनच्या, आणि मधे दोघांच्या मिळून झालेल्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकीवर एक. ऑर्बिटल म्हणत असू आम्ही वर्गात त्यांना. निफाडच्या कॉलेजात मी तेव्हा शेवटच्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवत होते. डिसेंबर होता. निफाडचा डिसेंबर ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. खडूसुद्धा बोटांना गार लागायचा.

"चिकट नाही, बोरस्ते. देवघेव करणारा आहे," मी म्हणाले. "ही बघा, भरलेल्या कक्षांतली सगळ्यांत वरची. ही कार्बनच्या बाजूनं बाहेर फुगलेली आहे. हिच्यातली इलेक्ट्रॉनांची जोडी तो रक्तातल्या लोहाला देऊ करतो. आणि या हिच्यावरच्या, रिकाम्या. यांच्यात लोहाकडचे इलेक्ट्रॉन तो घेतो. देतोही आणि घेतोही, म्हणून गाठ दोन्हीकडून आवळली जाते."

"आणि ऑक्सिजन?"

"त्याचंही लोहाशी जुळतं, पण सैल. फुप्फुसात लोह त्याला धरतं आणि पुढं जिथं गरज असेल तिथं सोडतं. सोडतं म्हणून आपण जगतो. हा दुसरा पाहुणा बसला की उठायचं नावच घेत नाही. ऑक्सिजनची जागा अडते."

"आमच्या मावशीच्या मालकासारखा," बोरस्ते म्हणाला. "दिवाळीला येतात ते शिमग्याला जातात."

हसणं ओसरल्यावर पुढच्या बाकावरची कुंदे म्हणाली, "मग तो निघतच नाही का मॅडम?"

"निघतो. भोवती ऑक्सिजन भरपूर असेल तर एकेक जागा सोडत जातो. वेळ लागतो."

"परीक्षेला येतं का हे?"

"आकृती येते."

लगेच वह्यांची पानं उलटली.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा माई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होत्या. हे बदलीवर धुळ्याला असत. घरात माई, मी, धाकटे दीर जयवंत आणि त्यांची बायको ज्योत्स्ना. ज्योत्स्ना बाळंत होऊन तीन आठवडे होत आले होते. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडेच झालं. मुलगी झाली. माईंनी बाळंतिणीचं सगळं एकटीनं अंगावर घेतलं होतं. न्हाऊ घालायला बाई ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, "परक्या हाताला काय माया असते?"

ज्योत्स्ना खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर होतं.

"ताई, चहा टाकू का तुम्हाला?" ती म्हणाली.

"तू बस. मी टाकते."

"आई," तिनं माईंकडे न बघता हळूच म्हटलं, "उद्या सकाळी शेक जरा कमी द्याल का? कोंडल्यासारखं होतं."

माईंचा लाडू वळणारा हात थांबला.

"कोंडल्यासारखं! गारठा बघितलास का बाहेर? बागांत शेकोट्या पेटवतायत द्राक्षं वाचवायला. द्राक्षं ती! आणि तू ओली बाळंतीण." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीही असंच म्हटलं होतं एकदा. काय झालं ते या घरात कुणाला सांगायला नको."

ते खरंच सांगायला नको होतं. माईंची पहिली मुलगी कुमुद, माई माहेरी बाळंतपणाला असताना तान्हीच गेली. थंडीचेच दिवस होते. खोलीत शेगडी होती, माईंना गुदमरलं म्हणून त्यांनी खिडकी किलकिली करायला लावली आणि सकाळी पोर गेलेली होती. खिडकीतून गारठा शिरला, पोरीला लागला. माईंनी हे मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं, एकदाच, आणि मग तुळशीपाशी जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. तेव्हापासून आमच्या घरात थंडीत कुणी खिडकी उघडली की आम्ही आपणहून लावून घेत असू.

ज्योत्स्ना बाळाच्या टाळूवरून बोट फिरवत राहिली.

सकाळचा तो शेक मी कधी पाहिलेला नव्हता. अंघोळ झाली की मी सोवळ्यानं देवघरात जाई. पूजा, पोथी, नैवेद्य होईपर्यंत बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकत नसे. त्यानंतर कॉलेजची घाई. माईंनीच मला हे सोवळं शिकवलं होतं, आणि ते मला मनापासून आवडत होतं. संध्याकाळी परत यावं तो शेगडी केव्हाच मोरीत पालथी पडलेली असे.

दुसऱ्या दिवशी थंडीनं कहर केला. नळाचं पाणी हातावर घेताच बोटं बधिर झाली. मी देवांपुढं बसले आणि पळीभर पाणी उजव्या हातावर घेतलं. रोज सकाळी मी एवढा एकच संकल्प करत असे: आजचा दिवस असत्य बोलणार नाही. आजन्म म्हणण्याची माझी छाती नव्हती. गुरुजींनीच सांगितलं होतं, "एका दिवसाचं घे, रोज घे. देवाला तेही पोचतं." शब्द म्हणून झाले की पाणी ताम्हनात सोडायचं, की संकल्प पुरा.

पाणी हातावर होतं तेवढ्यात माई ओव्याचा डबा न्यायला आल्या. देवघर स्वयंपाकघरातच होतं.

"आज पोरगी न्हाताना रडलीसुद्धा नाही," त्या खुशीत म्हणाल्या. "शहाणी झाली हो माझी बाय. आणि दोन शेगड्या ठेवल्यात ना आज, तर गाल बघ कसे गुलाबी झालेत. आईसुद्धा गाढ झोपलीय. रोज मेली कुरकुरते, आज चकार शब्द नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"माई, खोलीत धूर आहे का?"

"धूर कसला? लाकडं का आहेत ती? कोळसा आहे. नुसते लाल निखारे." ओवा मुठीत घेत त्या म्हणाल्या, "खिडकीच्या फटींत गोधड्या कोंबल्यात. मुंगी शिरायची नाही."

हातातलं पाणी कधी सांडलं मला कळलं नाही. मी उठले तेव्हा माई मागून ओरडत होत्या, "अगं, सोवळ्यात कुठं निघालीस? विनया!"

खोलीत ओव्याशेपांचा वास होता, बाकी कसलाच नाही. ऊब अशी की आत पाऊल टाकताच गुंगी यावी. एक शेगडी बाजेखाली, एक पायथ्याशी. ज्योत्स्नाचे डोळे अर्धवट मिटलेले होते. मी हाका मारल्या तशी तिनं "हं" केलं, उठायचा प्रयत्न केला आणि गुडघ्यांतून वाकून बाजेवरच पडली. बाळ दुपट्यात होतं. त्याचा हात वर उचलला तर तो आपला आपण खाली आला.

मी बाळाला पदरात घेतलं, दुसऱ्या हातानं ज्योत्स्नाच्या काखेत धरलं आणि ओढत दाराबाहेर आणलं.

"भावजी! भावजी, या!"

मी हळू बोलणारी बाई. वर्गात मागचे बाक कायम म्हणत, मॅडम, आवाज. त्या दिवशी माझी हाक ऐकून शेजारच्या घरातली माणसं कुंपणाशी आली.

जयवंत भावजी दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन धावत आले. ज्योत्स्नाला उचलून त्यांनी अंगणात घोंगडीवर टेकवलं. वारा सुऱ्यासारखा लागत होता. तिनं मोठ्यानं श्वास घेतला आणि उलटी केली.

"शेजारच्यांची जीप आणा," मी म्हणाले. "दवाखान्यात न्यायचं. आत्ता."

"झालंय काय पण?"

"कोळशाचा वायू. भावजी, जा!"

ते कुंपणावरूनच उडी टाकून गेले. आणि इकडे माईंनी माझ्या हातातून बाळ हिसकून घेतलं.

"मारतेस का तिला?" त्या ओरडल्या. "या गारठ्यात उघड्यावर? चल, हो बाजूला. आत नेऊ दे मला."

मी त्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले.

"आत नाही, माई."

"सर म्हणते ना!"

"नाही सरणार."

"तुझ्या पोटी एखादं असतं ना, तर कळलं असतं तुला," माई म्हणाल्या. "कॉलेजात पोरं शिकवणं वेगळं."

कुंपणापाशी कुणीतरी "अहो माई" म्हणालं आणि गप्प झालं. मी चौकट सोडली नाही.

"माझी एक पोर अशीच गेली," माईंचा आवाज फाटला. "खिडकीनं गेली. मी उघडायला लावली म्हणून गेली. आता डोळ्यांदेखत दुसरी घालवू?"

"कुमुद खिडकीनं गेली नाही, माई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते नाव मी त्यांच्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं. घरात कुणीच उच्चारत नसे.

"ती गेली तेव्हा तिचे गाल कसे होते?" मी विचारलं. "निळे पडले होते?"

"नाही." त्या म्हणाल्या. "गुलाबी होते. झोपल्यासारखी दिसत होती. माझी आई म्हणाली, देवीनं नटवून नेलीन."

"थंडीनं गेलेलं लेकरू गुलाबी राहत नाही, माई. गारठून निळसर पडतं. तो वायू रक्तात शिरला की रक्त लालभडक होतं. निखारे नुसते लाल दिसतात, धूर नाही, वास नाही, आणि कोंडलेल्या खोलीत तोच भरत जातो. श्वासातला प्राणवायू रक्तात जाऊच देत नाही."

माईंनी खाली पाहिलं. दुपट्यातून बाळाचे गाल दिसत होते. लाल लाल, थोड्या वेळापूर्वी त्यांनीच कौतुक केलेले.

मग त्यांनी दुपट्याचा पदर बाळाच्या तोंडावरून बाजूला केला. दोन्ही हातांवर तिला धरून वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. जीप येईपर्यंत तशाच उभ्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. जप होता की नाव होतं, मला ऐकू आलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले आणि लगेच ऑक्सिजन लावला. ज्योत्स्नाला मास्क, बाळाला छोटं काचेचं आच्छादन, त्यात नळी. "काही तास चालू ठेवावा लागेल," ते म्हणाले. "घाई करून उपयोग नाही." मी मान हलवली. मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी मी तेच वर्गात सांगितलं होतं. त्या वेळी ते फळ्यावरच्या आकृतीबद्दलचं वाक्य होतं. आता मी त्या नळीकडे बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, सोड, जागा सोड, बाबा, सोड.

आम्ही व्हरांड्यात बाकावर बसलो. मी अजून सोवळ्याच्याच लुगड्यात होते. भावजींनी त्यांचा स्वेटर माझ्या खांद्यावर टाकला होता. त्यांच्या एका गालावर साबण वाळून पांढरा झाला होता. माई भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होत्या.

ऊन व्हरांड्यात सरकत पायांपर्यंत आलं तेव्हा आतून बाळ रडलं. आधी मांजरासारखं बारीक, मग चांगलं खणखणीत, संतापून रडलं. भावजींनी दोन्ही हातांत तोंड झाकलं. सिस्टर दारात येऊन हसली. "भूक लागलीय महाराणीला."

माईंनी डोळे उघडले. आत जातील असं मला वाटलं. त्या गेल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या.

"विनया, त्या खिडकीचं सांग."

"कुठल्या?"

"माझ्या. मी जी उघडायला लावली."

मी म्हणाले, "त्या फटीमुळं तुम्ही राहिलात, माई. तुम्ही मोठ्या, तुम्हाला तेवढी हवा पुरली. तिला नाही पुरली. खिडकी बंद असती तर दोघीही गेला असतात."

"म्हणजे माझ्यामुळं नाही गेली."

"नाही."

त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी माणूस तहानलेलं असतं ते मिळाल्यावर चेहरा उजळावा, तसं मात्र काही झालं नाही. त्या विचार करत होत्या. मग त्यांनी विचारलं,

"आणि पूर्ण उघडली असती तर?"

भावजी उठून माईंच्या मागं येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघून जोरानं नकारार्थी मान हलवली.

"आई, तेव्हाचं आता कोण सांगणार?" ते म्हणाले. "काहीतरीच विचारतेस. नसतीच वाचली. हो ना वहिनी? नाही म्हणा."

त्या दिवशीचा माझा संकल्प पुरा झालेला नव्हता. पाणी ताम्हनात पडायच्या आधीच हातातून सांडलं होतं. मी 'नाही' म्हटलं असतं तर कुठलंही व्रत मोडलं नसतं. हे मला तिथं बाकावर बसल्या बसल्या अगदी स्वच्छ कळलं. माईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी त्या वेळचा त्यांचा चेहरा मला जसाच्या तसा दिसतो. धीर मागणाऱ्याचा तो चेहरा नव्हता.

"वाचली असती, माई," मी म्हणाले. "बहुतेक वाचली असती."

"वहिनी!" भावजी म्हणाले आणि तोंड फिरवून जिन्याकडे निघून गेले.

माई रडल्या नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारत राहिल्या आणि सोडत राहिल्या.

"माझ्या आईला हे कधी कळलं नाही, ते बरं झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "शेगडी तिनं ठेवली होती. जीव टाकायची गं माझ्यावर."

"हो."

"मी तिला म्हटलं, गुदमरतंय. ती म्हणाली, सोस, सगळ्या सोसतात. परत म्हटलं तेव्हा उठून बोटभर उघडलीन. अजून उघड म्हणायचं अगदी तोंडावर आलं होतं. पण म्हातारी दिवसभर माझ्यासाठी राबलेली, नुकती आडवी झालेली. मला लाज वाटली." त्यांनी पदराची गाठ सोडली. "लाज वाटली, विनया."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी तो तसाच राहू दिला. मग माझ्याच खांद्याला धरून उठल्या आणि आत गेल्या. मीही मागोमाग गेले.

ज्योत्स्ना जागी होती. मास्कवर तिचा श्वास उमटत होता आणि पुसत होता. माईंना बघून ती पदर सावरायला धडपडली.

"राहू दे," माई म्हणाल्या. त्या कॉटच्या कडेला बसल्या. "काल म्हणालीस ना मला, कोंडल्यासारखं होतंय?"

ज्योत्स्नानं घाबरून माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

"आणि परवा?"

तिनं पुन्हा मान हलवली.

"त्याच्या आधी?"

"रोज," ती मास्कच्या आतून म्हणाली. जेमतेम ऐकू आलं.

माईंनी तिचा हात उचलून दोन्ही हातांत घेतला. सकाळच्या ओव्याचा वास त्यांच्या बोटांना अजून असणार.

"आता हळू सांगायचं नाही," त्या म्हणाल्या. "कळलं? ओरडायचं. मला आई म्हणतेस ना? माझ्यावर ओरडायचं. मी ऐकेपर्यंत ओरडायचं."

ज्योत्स्नाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. 'हो' म्हणण्यासाठी तिनं मास्क बाजूला केला, तशी माईंनी घाईघाईनं तो तिच्या हातातून घेतला, परत नाकावर नीट बसवला, आणि आपला तळवा त्यावर तसाच धरून ठेवला.